गुडघेदुखी आणि देहाची हालचाल



संस्थेची पन्नाशी साजरी होते तेव्हा ती संस्था उभी करणारी पिढी सत्तरी ओलांडून गेलेली असते. ज्यांनी ऐन उमेदीच्या वयात दारोदार फिरून वर्गणी गोळा केली, प्रतिष्ठेच्या वेळी रात्र रात्र उभे राहून व्यवस्था पाहिली, त्या श्रावक-श्राविकांपैकी अनेक जण आज मंदिराच्या पायऱ्यांपाशी क्षणभर थबकतात, कठड्याला हात लावतात आणि मगच पहिले पाऊल उचलतात. काहींनी तर पायऱ्या चढणेच सोडले आहे. कारण विचारले तर उत्तर ठरलेले असते : "आता गुडघे साथ देत नाहीत." सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावर गुडघेदुखीसारखा विषय घेण्याचे प्रयोजन हेच आहे.

गुडघेदुखीने कोणाचा जीव जात नाही, या समजुतीमुळे तिच्याकडे वयोमानाचा भाग म्हणून पाहिले जाते. मलम, शेक, अधूनमधून वेदनाशामक गोळी आणि 'आता फार चालू नका' हा घरच्यांचा सल्ला, एवढ्यावर उपचार संपतो. या सल्ल्यामागील माया खरी असली तरी त्याचा परिणाम हितकर होत नाही. दुखते म्हणून माणूस बसतो. बसल्याने मांडीचे स्नायू आटतात, कमरेचा घेर वाढतो, रक्तातील साखर आणि रक्तदाब हळूहळू वर सरकतात. वाढलेले वजन पुन्हा त्याच गुडघ्यांवर येते आणि दुखणे अधिक होते. हे चक्र एकदा सुरू झाले की ते आपोआप थांबत नाही.

२०११ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल' या नियतकालिकात इंग्लंडच्या नैर्ऋत्य भागातील ११६३ रुग्णांची दीर्घ पाहणी प्रसिद्ध झाली. या सर्वांच्या गुडघ्याच्या किंवा खुब्याच्या सांध्याची झीज झालेली होती. सर्वसाधारण लोकांच्या तुलनेत या रुग्णांमधील मृत्यूचे प्रमाण दीडपटीहून किंचित अधिक आढळले आणि त्यात हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांचा वाटा ठळक होता. ज्यांचे चालणे जितके खुंटले होते, तितका त्यांचा धोका मोठा होता. गुडघ्याच्या वेदनेपेक्षा तिच्यामागून येणारे बैठेपण अधिक चिंतेचे आहे, हाच या विवेचनाचा गाभा आहे.

सांध्याची रचना आणि झीज

मांडीचे हाड आणि नडगीचे हाड जेथे मिळतात तेथे दोन्ही हाडांच्या टोकांवर कूर्चेचे गुळगुळीत आवरण असते. प्रौढ वयात या कूर्चेला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो. सांध्यातील वंगणासारख्या द्रवातून तिला पोषण मिळते, आणि ते पोषण मिळण्यासाठी सांध्यावर दाब पडणे व दाब सुटणे आवश्यक असते. पाण्यात भिजवलेला स्पंज दाबावा आणि सोडावा, तसा हा व्यवहार चालतो. पाऊल टेकले की दाब पडतो, उचलले की सुटतो. म्हणजे चालणे हे सांध्याचे अन्न आहे. 'चालून चालून गुडघे झिजतात' ही समजूत म्हणूनच अर्धवट आहे. जुनी दुखापत, अतिरिक्त वजन, दुबळे स्नायू आणि अनुवंशिकता ही झिजेची मोठी कारणे होत. सपाट रस्त्यावरच्या बेताच्या चालण्याला त्या यादीत स्थान नाही.

भाराचा हिशेबही ध्यानात घेण्यासारखा आहे. सपाट जागेवर चालताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीचपट भार येतो. जिना चढताना तो तिपटीच्या पुढे जातो आणि उतरताना त्याहूनही वाढतो. अमेरिकेतील एका अभ्यासात २००५ साली असे दिसून आले की, वजन एक किलो घटले तर प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो. पाच किलो वजन कमी करणारा मनुष्य दर पावलाला वीस किलोंचे ओझे खाली ठेवतो, आणि दिवसाकाठी त्याची पावले हजारांच्या संख्येने पडत असतात. फ्रॅमिंगहॅम येथील प्रसिद्ध अभ्यासातून १९९२ साली पुढे आलेली माहितीही अशीच आश्वासक आहे. दहा वर्षांच्या काळात सुमारे पाच किलो वजन उतरलेल्या स्त्रियांमध्ये त्रासदायक गुडघेदुखी उद्भवण्याची शक्यता निम्म्याहून अधिक घटली होती.

ओझ्यापलीकडचा संबंध

प्रश्न केवळ ओझ्याचा असता तर स्थूल व्यक्तींच्या फक्त गुडघ्यांनाच त्रास झाला असता. परंतु त्यांच्या हातांच्या बोटांच्या सांध्यांतही झीज अधिक आढळते. बोटांवर शरीराचे वजन कोणी पेलत नाही. याचा अर्थ मेद हा निव्वळ भार नसून एक क्रियाशील द्रव्य आहे. पोटाच्या आतील चरबीतून असे घटक रक्तात मिसळतात की जे शरीरभर मंद दाह पेटता ठेवतात. तोच दाह कूर्चेला पोखरतो, तोच इन्शुलिनच्या कामात अडथळा आणतो आणि तोच रक्तवाहिन्यांच्या भिंती खराब करतो. गुडघेदुखी, मधुमेह, रक्तदाब आणि हृदयविकार एकाच घरात, बहुधा एकाच व्यक्तीच्या ठायी एकत्र नांदताना दिसतात, त्याचे हे एक कारण आहे.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतातील ११.४ टक्के प्रौढांना, म्हणजे सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. आणखी १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर उभे आहेत. भारतीय शरीराची ठेवण अशी आहे की वजनकाट्यावर बेताचा दिसणारा मनुष्यही पोटाने स्थूल असू शकतो. म्हणून काट्याइतकेच मोजपट्टीला महत्त्व द्यावे. पुरुषांच्या कमरेचा घेर ९० सेंटिमीटरच्या आणि स्त्रियांचा ८० सेंटिमीटरच्या आत असावा, असा भारतीयांसाठी संकेत आहे.

स्नायू : गुडघ्याचा आधार आणि साखरेचे कोठार

जेवणानंतर रक्तात उतरलेल्या साखरेचा मोठा हिस्सा स्नायूंमध्ये साठवला जातो. स्नायू आकुंचन पावतात तेव्हा इन्शुलिनच्या मदतीवाचूनही ते रक्तातील साखर ओढून घेऊ शकतात. ज्यांच्या शरीरात इन्शुलिन नीट काम करीत नाही, त्यांच्यासाठी हालचाल हा जणू दुसरा दरवाजा आहे. शरीरातील सर्वांत मोठ्या स्नायूंमध्ये मांडीच्या पुढच्या स्नायूंची गणना होते, आणि गुडघ्याला स्थिर ठेवण्याचे कामही हेच स्नायू करतात. एकाच मांडीच्या व्यायामाने गुडघ्याला आधार मिळतो आणि साखरेलाही वाट मिळते, हा निसर्गाने साधलेला योग आहे.

अमेरिकेत १९९७ साली साठ वर्षांवरील ४३९ गुडघेरुग्णांचा अठरा महिन्यांचा प्रयोग प्रसिद्ध झाला. नियमित चालणाऱ्या आणि स्नायूंचा व्यायाम करणाऱ्या दोन्ही गटांत वेदना व असमर्थता काही प्रमाणात कमी झाली, आणि क्ष-किरण तपासणीत झीज त्यामुळे वाढलेली आढळली नाही. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या ४५४ रुग्णांच्या दुसऱ्या प्रयोगात केवळ व्यायाम, केवळ आहारनियमन आणि दोन्ही एकत्र अशी तुलना होती. दोन्ही एकत्र करणाऱ्यांचे वजन दीड वर्षात सरासरी साडेदहा किलोंनी उतरले, तर केवळ व्यायाम करणाऱ्यांचे दोन किलोही उतरले नाही. वेदना सर्वांत कमी झाली ती एकत्र उपाय करणाऱ्यांची.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगणे उचित होय. व्यायामाने वेदना समूळ जात नाही. मिळणारा उतार बेताचाच असतो आणि व्यायाम सोडला की तोही ओसरतो. गुडघ्यांत फरक पडला नाही म्हणून दोन महिन्यांत चालणे सोडून देणारे पुष्कळ असतात. परंतु त्याच दोन महिन्यांत साखर, रक्तदाब, झोप आणि तोल यांत झालेली सुधारणा त्यांनी मोजलेलीच नसते. व्यायामाचे मोल केवळ गुडघ्याच्या मापाने ठरवू नये.

किती आणि कसे

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनानुसार प्रौढांनी आठवड्यात १५० ते ३०० मिनिटे मध्यम गतीची हालचाल करावी, दोन दिवस स्नायूंचे व्यायाम करावेत आणि ज्येष्ठांनी तीन दिवस तोल सांभाळण्याच्या व्यायामाची जोड द्यावी. मध्यम गतीची खूण सोपी आहे : चालताना सोबत्याशी बोलता यावे, पण स्तवन गाता येऊ नये. हा आकडा पाहून कोणी दचकू नये. पाच मिनिटांपासून आरंभ करून दर आठवड्याला दोन-तीन मिनिटे वाढवीत गेले तरी पुरे. सुमारे १८०० गुडघेरुग्ण व धोक्यातील व्यक्तींच्या २०१४ सालच्या अमेरिकन अभ्यासात दिवसाला सुमारे ६००० पावले चालणाऱ्यांची हालचाल पुढील दोन वर्षांत टिकून राहण्याची शक्यता अधिक दिसली. दहा हजारांचा हट्ट आवश्यक नाही.

घरच्या घरी करण्याजोगे व्यायामही थोडेच आहेत. खुर्चीवर ताठ बसून एक पाय समोर सरळ करावा, पाच अंक मोजेपर्यंत मांडी आवळून धरावी आणि सावकाश खाली आणावा. प्रत्येक पायाने दहा वेळा. हातांचा आधार शक्य तितका कमी घेत खुर्चीतून उठावे आणि सावकाश बसावे. ओट्याला धरून टाचा उचलाव्यात. व्यायामाच्या वेळी थोडे दुखले तर घाबरू नये. दुसऱ्या दिवसापर्यंत दुखणे पूर्ववत झाले तर प्रमाण योग्य आहे. वाढलेलेच राहिले तर प्रमाण घटवावे, व्यायाम बंद करू नये. मात्र गुडघा लाल व गरम होऊन सुजला, अडकून बसला, अचानक दुमडू लागला किंवा चालताना छातीत दाटून आले, तर प्रथम डॉक्टरांकडे जावे.

काठी दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात धरावी. जिना चढताना चांगला पाय आधी आणि उतरताना दुखरा पाय आधी, हा क्रम पाळावा. मधुमेहामुळे ज्यांच्या तळपायांची संवेदना कमी झाली आहे, त्यांनी रस्त्यावर अनवाणी चालू नये. चामड्याविना बनवलेले, मऊ तळाचे बूट सहज मिळतात. पोहणे आणि सकाळी हिरवळीवर फिरणे हे सल्ले सर्रास दिले जातात, पण अप्काय व वनस्पतिकाय जीवांचा विचार करणाऱ्या श्रावकाला ते रुचत नाहीत. त्याने संकोच बाळगण्याचे कारण नाही. कोरडा सपाट रस्ता, सभागृहातील फेऱ्या किंवा जागच्या जागी चालणारी सायकल यांतून तेच साधते. दिशापरिमाणाचे व्रत असणाऱ्यालाही घरातल्या ओसरीवर शंभर फेऱ्या मारता येतात. चालणे हे आपल्या परंपरेला परके नाही. चातुर्मास वगळता आयुष्यभर पायी विहार करणाऱ्या साधू-साध्वींना वंदन करणाऱ्या समाजाने पायांना कमी लेखू नये.

धर्मक्रिया आणि दुखरे गुडघे

सामायिकाचा काळ ४८ मिनिटांचा, प्रतिक्रमणाचा काही वेळा त्याहून अधिक. इतका वेळ मांडी घालून बसणे झिजलेल्या गुडघ्याला जड जाते, आणि पंचांग प्रणिपातात तर दोन्ही गुडघे भूमीला टेकावे लागतात. जमत नाही म्हणून अनेक श्राविका प्रथम खमासमणा सोडतात, मग प्रतिक्रमणाला येणे सोडतात आणि शेवटी दर्शनालाही घरातूनच हात जोडतात. त्यांच्या या माघारीत गुडघ्याइतकाच खुर्चीवर बसण्याचा संकोच कारणीभूत असतो. 'सर्वांच्या मागे, खुर्चीवर बसायचे, त्यापेक्षा घरीच बरे' या एका विचाराने रोजचे चालणे, सोबत आणि उत्साह ही तिन्ही एकदम तुटतात.

वास्तविक क्रियेचा आत्मा भावात आहे. गुरुमहाराजांच्या अनुज्ञेने खुर्चीवर बसून क्रिया करणे आणि बसल्या जागी मस्तक नमवणे यांत आराधनेची हानी नाही. कायोत्सर्ग उभ्याने करणे ज्यांना शक्य आहे त्यांनी तो अवश्य उभ्याने करावा. दीर्घ बैठकीत तेवढाच सांध्याला बदल मिळतो. क्रिया पूर्ण झाल्यावर एकदम न उठता बसल्या जागी दोन्ही पाय आठ-दहा वेळा सरळ करून मग उभे राहावे.

यात्रेचे नियोजनही विवेकाने करावे. शत्रुंजयाच्या साडेतीन हजारांहून अधिक पायऱ्या किंवा सम्मेदशिखरजीची चढ, टोंकांची वंदना आणि उतार मिळून होणारी सुमारे २७ किलोमीटरची वाट एका दिवसाच्या भरवशावर पार पडत नाही. तीन महिने आधीपासून चालण्याचा आणि पायऱ्यांचा सराव वाढवावा. उतरताना भार अधिक येतो, हे लक्षात घेऊन उतारावर काठी आणि गरज पडल्यास डोली घेण्यात कमीपणा मानू नये.

आहार आणि तप

सहा बाह्य तपांमध्ये अनशनानंतर लगेच ऊनोदरीचे नाव येते. भुकेपेक्षा चार घास कमी खाणे हे तप दिसायला लहान असले तरी ते वर्षभर, दररोज करता येते. वजन टिकाऊ रीतीने उतरते ते याच मार्गाने. मोठ्या उपवासात वजन वेगाने घटते, परंतु त्यात स्नायूंचाही क्षय होतो. पुढे पारण्याच्या शिऱ्या-मिठायांनी जे भरून येते तो बहुतांश मेद असतो. तपस्येची अनुमोदना करताना पारण्याच्या ताटाकडेही पाहिले पाहिजे.

तिथीला हिरवी भाजी टळते आणि तिची जागा पापड, फरसाण व तळणीचे पदार्थ घेतात. तेथे मूग, चवळी, मटकी, तूर यांचे वरण-उसळ वाढवावे, कारण स्नायूंना प्रथिने लागतात. मोड आलेली धान्ये वर्ज्य मानणाऱ्यांनी कडधान्ये केवळ भिजवून शिजवावीत. शाकाहारी आहारात ब-१२ जीवनसत्त्व कमी पडते, आणि मधुमेहावरील मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेणाऱ्यांत ते आणखी घटू शकते. पायांना मुंग्या येत असतील, तोल जात असेल तर त्याची तपासणी करावी. चौविहाराचा नियम तर आरोग्याला अनुकूलच आहे. सूर्यास्तापूर्वी जेवण झाल्यावर पंधरा मिनिटे चालले तर जेवणानंतरची साखर फारशी उसळत नाही. जेवणावरून उठून थेट दूरदर्शनसमोर बसण्याने हा लाभ हातचा जातो.

एक इशारा मात्र गांभीर्याने ऐकावा. इन्शुलिन किंवा साखर एकदम उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी डॉक्टरांना न विचारता उपवासाचे पचखाण घेऊ नये. साखर खूप खाली गेल्यास जिवावर बेतते. लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या गोळ्या निर्जळ उपवासात विशेष धोक्याच्या ठरतात. गुडघ्यांसाठी घेतल्या जाणाऱ्या अनेक वेदनाशामक गोळ्या रक्तदाब वाढवतात, रिकाम्या पोटी जठराला इजा करतात आणि शरीरात पाणी कमी असताना मूत्रपिंडांवर घाला घालतात. अठ्ठाईच्या आदल्या दिवशी दुकानातून गोळ्यांचे पाकीट आणून ठेवण्याची सवय म्हणूनच सोडली पाहिजे. पर्युषण किंवा दशलक्षण पर्वाच्या महिनाभर आधी तपासणी करून औषधांचे वेळापत्रक ठरवून घेणे हाच सुज्ञ मार्ग होय.

शस्त्रक्रिया आणि नवी औषधे

झीज फार पुढे गेली असेल तर सांधेरोपण हा उत्तम उपाय आहे. केंद्र सरकारने २०१७ साली कृत्रिम गुडघ्यांच्या किमतींवर मर्यादा घातल्यापासून तो अधिकांच्या आवाक्यात आला. वजन घटवणाऱ्या सेमाग्लुटाइड या औषधानेही स्थूल गुडघेरुग्णांची वेदना कमी होते, असे २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दिसले. तथापि त्या प्रयोगातही रुग्णांना आहार आणि हालचालींचे मार्गदर्शन दिलेच होते. नवा गुडघा बसवला म्हणून जुनी साखर जात नाही. उलट शस्त्रक्रियेपूर्वी साखर आटोक्यात नसेल तर जखमेत जंतुसंसर्ग होण्याची भीती वाढते. मांडीत बळ आणून शस्त्रक्रियेला सामोरे जाणारा रुग्ण लवकर चालू लागतो.

संघाचे कर्तव्य

वैयावच्च हे आभ्यंतर तप मानले गेले आहे. ते साधू-साध्वींपुरते न ठेवता संघातील वृद्धांपर्यंत नेणे सुवर्णमहोत्सवी वर्षाला शोभून दिसेल. त्यासाठी मोठा निधी लागत नाही. पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना भक्कम कठडा, योग्य उंचीच्या हातवाल्या खुर्च्या आणि त्या मागे एका कोपऱ्यात न ठेवता सर्वांच्या रांगेतच मांडलेल्या, ओली न राहणारी फरशी, प्रसाधनगृहात उंच आसन व धरायला दांडी, पर्वापूर्वी एक आरोग्य तपासणी, आणि पूजेनंतर वीस मिनिटे एकत्र चालणारा ज्येष्ठांचा एक गट, एवढे केले तरी पुष्कळ झाले. तरुणांनी आठवड्यातून एक सकाळ त्या गटासोबत चालावे. एकट्याने सुरू केलेले चालणे पावसाळ्यात थांबते. सोबतीने सुरू केलेले टिकते.

जयणा म्हणजे जपून, जाणिवेने केलेली क्रिया. दुखऱ्या गुडघ्यांनाही तीच दृष्टी लागू पडते. पाऊल जपून टाकावे, पण टाकत राहावे. ज्या पिढीने हे मंदिर उभे केले ती पिढी आणखी पुष्कळ वर्षे स्वतःच्या पायांनी त्याच्या पायऱ्या चढो, हीच या मंगल प्रसंगी शासनदेवाच्या चरणी प्रार्थना.

जय जिनेंद्र.